डोलीचं तत्त्व: समुद्रातला कचरा काढणारी यंत्रं आणि आपली ठाण्याची खाडी

डोल लावणारा कोळी मासळीच्या मागे धावत नाही. खाडीच्या तळात खुंट रोवून पिशवीसारखं लांब जाळं तो भरती-ओहोटीच्या वाटेत बांधतो. जाळं जागेवर राहतं, पाणी त्यातून धावतं आणि वाहत आलेली कोळंबी, जवळा, मांदेली शेपटाकडच्या बारीक भोकांत अडकतात. पाणी उलटायच्या आत जाळं उचललं की काम झालं. समुद्रातला कचरा काढायला गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर जी यंत्रं निघाली, त्यांतली टिकली ती बहुतेक हेच करतात: एक जागा धरायची आणि कचरा आणून द्यायचं काम पाण्यावर सोपवायचं. भर समुद्रात कचरा गाठायला गेलेल्यांना मात्र फार पैसा आणि बरीच वर्षं घालवावी लागली.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला हा विषय नीट कळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. आपल्या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्याच खाडीत आज कोळ्यांच्या जाळ्यात मासळीबरोबर दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या आणि थर्माकोलचे तुकडे येतात. शेजारची उल्हास नदी कल्याणहून पुढे येऊन वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि तिचा एक अरुंद फाटा ठाण्याजवळ आपल्या खाडीला जोडलेला आहे. जगातल्या कुठल्या नद्या समुद्रात किती प्लास्टिक नेतात याचा अंदाज बांधणारा एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात उल्हासचं नाव अगदी वरच्या काही नद्यांमध्ये आहे. हा अंदाज गणिती प्रारूपातून काढलेला आहे, प्रत्येक नदीवर कुणी वजनकाटा घेऊन बसलेलं नव्हतं. तरी शहाड किंवा कल्याणच्या पुलावरून ज्याने पावसाळ्यातली उल्हास पाहिली आहे, त्याला हे नाव वाचून धक्का बसणार नाही.

याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के प्लास्टिक एक हजारांहून थोड्या जास्त नद्यांतून जातं. त्यांतल्या कित्येक नद्या लहान आहेत, पण त्या दाट वस्तीच्या शहरांतून वाहतात आणि त्यांना समुद्र जवळ आहे. म्हणजे कचरा समुद्रात शिरतो ती दारं मोजता येण्याजोगी आहेत.

भर समुद्रात काय होतं

हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मधल्या पॅसिफिकमध्ये समुद्राचे प्रवाह गोल फिरतात आणि तरंगणारं प्लास्टिक तिथे साठत जातं. चार्ल्स मूर नावाच्या दर्यावर्दीने १९९७ साली तिथून जाताना ते पाहिलं आणि तेव्हापासून ‘कचऱ्याचं बेट’ हे चित्र लोकांच्या डोक्यात बसलं. प्रत्यक्षात तिथे बेट नाही. २०१८ सालच्या एका अभ्यासाने या पट्ट्याचा विस्तार १६ लाख चौरस किलोमीटर आणि त्यातलं प्लास्टिक सुमारे ८० हजार टन धरलं. भागाकार करून पाहा, एका चौरस किलोमीटरमागे सरासरी फक्त ५० किलो येतात. एवढं विरळ पसरलेलं प्लास्टिक गोळा करायचं म्हणजे अफाट पाणी चाळावं लागतं.

बोयान स्लाट या डच तरुणाने २०१३ साली वयाच्या अठराव्या वर्षी ‘द ओशन क्लीनअप’ ही संस्था काढली ती याच कामासाठी. त्यांचं पहिलं मोठं यंत्र २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं. सुमारे ६०० मीटर लांबीची तरंगती नळी आणि तिच्याखाली तीन मीटर खोल पडदा, इंजिन नाही, नांगर नाही. वारा आणि लाटा नळीला ढकलतील, नळी प्लास्टिकपेक्षा किंचित वेगाने सरकेल आणि प्लास्टिक तिच्या कमानीत जमेल, असा हिशेब होता. पण वेगातला हा फरक टिकेना. कधी नळी मागे पडायची आणि गोळा झालेलं प्लास्टिक पुन्हा बाहेर निघून जायचं. वर्षाच्या शेवटी नळीचा १८ मीटरचा तुकडाच तुटला. जाळ्याचा आणि पाण्याचा वेग वेगळा असल्याशिवाय काही अडकत नाही, हा डोलीचा पहिला नियम. खाडीत खुंट असतो म्हणून तो फरक आपोआप मिळतो. चार-पाच किलोमीटर खोल समुद्रात खुंट रोवणार कुठे?

पुढच्या वर्षी त्यांनी नळीला पाण्यातला पॅराशूट बांधून तिचा वेग कमी केला. आता प्लास्टिक नळीपेक्षा वेगाने येऊन तिच्यात अडकू लागलं. २०२१ पासून दोन जहाजांनी ओढायची लांब जाळी वापरायला सुरुवात झाली, आणि २०२३ ची जाळी तर सव्वादोन किलोमीटरच्या आसपास लांबीची आहे. ती प्लास्टिक पकडते यात शंका नाही. पण जहाजं इंधन जाळतात, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगून जगणारे जांभळे शंख, निळ्या शिडाचे जेलीसारखे जीवही त्याच प्रवाहांनी त्याच जागी जमतात. म्हणून काही सागरी जीवशास्त्रज्ञांचा या पद्धतीवर ठाम आक्षेप आहे, आणि तो मला गंभीर वाटतो. दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या पट्ट्यातल्या प्लास्टिकच्या वजनापैकी ४६ टक्के वजन मासेमारीच्या जाळ्यांचं आहे. ही जाळी नदीतून आलेलीच नाहीत, त्यामुळे नदीच्या तोंडाशी कितीही बंदोबस्त केला तरी ती तिथेच राहणार. भर समुद्रातल्या मोहिमेला अर्थ आहे तो मुख्यतः त्यांच्यासाठी.

या संस्थेने स्वतःच २०१९ साली नद्यांकडे मोर्चा वळवला, हे मला त्यांच्या कामातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं.

नदीच्या तोंडाशी

या जातीतलं सर्वांत गाजलेलं यंत्र अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरात २०१४ पासून उभं आहे. त्याचं नाव मिस्टर ट्रॅश व्हील. जॉन केलेट या माणसाने ते घडवलं. जोन्स फॉल्स नावाचा प्रवाह बंदरात शिरतो तिथे दोन्ही बाजूंना तरंगते अडसर लावलेत, ते कचऱ्याला मधल्या तोंडाकडे आणतात. तिथे दाते त्याला उचलून एका सरकत्या पट्ट्यावर टाकतात आणि पट्टा त्याला मागच्या तरंगत्या पेटीत नेऊन ओततो. हे सगळं फिरवतं एक मोठं पाणचक्कीचं चाक. ओढ असली की प्रवाहच चाक फिरवतो. ओढ कमी पडली की सौर पंप पाणी उपसून चाकावर सोडतात. पाऊस पडला की कचरा वाढतो आणि त्याच वेळी चाकाला जोरही जास्त मिळतो, ही त्यातली सुंदर जुळणी. यंत्राला दोन मोठे डोळे लावलेत, त्यामुळे शाळेतली मुलं त्याला पाहायला येतात आणि शहराने त्याला आपलं मानलं. नंतर तिथे अशी आणखी तीन चाकं बसली.

ओशन क्लीनअपचं ‘इंटरसेप्टर’ हे याचंच भावंड. तरंगता अडसर, सौर ऊर्जेवर चालणारा पट्टा, आत सहा पेट्या आणि पेट्या भरत आल्या की काठावरच्या माणसांना जाणारा संदेश. जाकार्ता आणि मलेशियातली क्लांग नदी इथे ती आधी बसली. संस्थेने २०२५ साली तीस शहरांचा जो कार्यक्रम जाहीर केला, त्यात मुंबईचं नाव आहे.

या सगळ्या यंत्रांचा गाभा एकच, तरंगता अडसर. त्याला बूम म्हणतात. आपल्याकडे मुंबईच्या नाल्यांत तो ‘ट्रॅश बूम’ या नावाने दिसतो आणि चेन्नईच्या कूवम नदीतही बंगळूरच्या एका कंपनीने असे अडसर लावले. पाहायला फार साधा, पण त्याचं एक गणित आहे आणि तेच अनेकदा चुकतं. प्रवाहाला अगदी आडवा बूम लावला आणि पाण्याचा वेग ताशी सव्वा किलोमीटरच्या पुढे गेला, की तरंगणारी वस्तू बूमखालून निसटू लागते. माणूस रमतगमत चालतो त्याहूनही हा वेग कमी आहे. म्हणून बूम तिरका लावतात. तिरक्या बूमवर पाण्याचा सरळ धक्का कमी बसतो आणि कचरा त्याच्या कडेने घसरत काठाशी एका कोपऱ्यात येतो, जिथे तो उचलता येतो. नाल्यावर बूम अगदी काटकोनात ताणलेला दिसला तर समजावं की जोराच्या पावसात तो फारसा उपयोगी नाही.

जोराच्या पावसाचं गणित ओशन क्लीनअपलाही भोवलं. ग्वाटेमालात मोतागुआ नदीच्या एका उपनदीवर त्यांनी २०२२ साली लोखंडी कुंपण उभारलं. पहिल्या पुरात कचऱ्याचा इतका प्रचंड लोंढा आला की पाण्याने कुंपणाखालची जमीनच खरवडून नेली. पुढच्या वर्षी त्यांनी खालच्या बाजूला, पाणी जरा शांत होतं तिथे, दोन तरंगते बूम एकामागे एक लावले आणि ते टिकले. जून-जुलैमधले आपले नाले आठवले की या घटनेचं महत्त्व कळतं.

अॅमस्टरडॅममध्ये २०१९ पासून बूमऐवजी बुडबुडे वापरले जातात. कालव्याच्या तळाशी भोकं पाडलेली नळी तिरकी टाकायची आणि तीत दाबाने हवा सोडायची. वर येणाऱ्या बुडबुड्यांचा पडदा अर्धवट बुडालेल्या पिशव्यांनाही वर आणतो आणि कडेच्या पेटीकडे ढकलतो. होड्या आणि मासे त्यातून आरपार जातात. कल्पना देखणी आहे, पण हवेचा पंप चोवीस तास चालवावा लागतो आणि आपल्या गाळात ती भोकं किती दिवस मोकळी राहतील याची मला शंका आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन सर्फर मित्रांनी काढलेलं ‘सीबिन’ हे बंदराच्या धक्क्याला टांगायचं, पंपाने वरचं पाणी ओढून गाळणारं डबडं. त्याच्या पिशवीत जेमतेम २० किलो मावतात आणि लहान मासे, खेकड्यांची पिल्लंही ओढली जातात. यॉट उभ्या राहतात तिथल्या शांत पाण्यासाठी ते ठीक, खाडीसाठी नाही.

आपलं पाणी दोन्हीकडे वाहतं

वर सांगितलेली बहुतेक यंत्रं एकाच दिशेने वाहणाऱ्या पाण्यासाठी घडलेली आहेत. ठाण्याच्या खाडीत दर सहा तासांनी पाणी उलटतं. उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरपर्यंत जातो. ओहोटीला ऐरोलीच्या नाल्यातून निघालेली बाटली वाशीकडे जाते आणि समुद्र गाठायच्या आत भरती तिला पुन्हा मागे लोटते. खाडीचं वरचं टोक अरुंद असल्याने तिथलं पाणी पुरतं बदललं जात नाही. बाटली अशी हेलपाटे घालत राहते आणि शेवटी तिवरांत जाते. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, कारण झाडाला हवा घ्यायची असते. त्यांच्यावर पिशवी बसली की ते मूळ गुदमरतं. तिथून यंत्राने कचरा काढताच येत नाही. बोट शिरत नाही, माणूस गुडघाभर चिखलात रुततो आणि पाय पडेल तिथे कोवळी रोपं मोडतात. तिवरांत उतरून हातांनी पिशव्या सोडवणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल मला अतिशय आदर आहे, पण कचरा तिथे पोचू देणं हाच आपला पराभव आहे.

दुसरी अडचण गाळाची. आपलं पाणी गढूळ असतं. पातळ पिशवीत गाळ भरला की ती तरंगत नाही, मधल्या पाण्यातून किंवा तळाशी सरकत जाते. वरचा अर्धा मीटर अडवणाऱ्या बूमच्या खालून ती सहज जाते. बाटल्या आणि थर्माकोल बूमला मिळतील, पिशव्या मिळायच्या तर त्याखाली जाळीचा पडदा हवा, आणि जाळी आली की मासळीही अडकणार.

म्हणून आपल्या इथे कचरा धरायची योग्य जागा खाडीचं पात्र नाही, खाडीला मिळणाऱ्या नाल्यांची तोंडं आहेत. आणि नवी मुंबईत अशा जागा आधीच बांधलेल्या आहेत. शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली असल्याने सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव खोदले. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला तर त्याचं पाणी या तलावांत थांबतं. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये वरून टांगलेली झापडं असतात. ओहोटीला तलावातलं पाणी त्यांना बाहेर ढकलून खाडीत जातं, भरतीला खाडीचं पाणी त्यांना दाबून बंद करतं. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. म्हणजे दोन्हीकडे वाहणारं पाणी या दारापाशी एकाच दिशेने वाहतं, वेगही मंद होतो आणि कचरा तलावात येऊन थांबतो. बूम आणि पट्टा लावायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. झापडांच्या फटीत कचरा अडकला तर ती नीट मिटत नाहीत आणि भरतीचं पाणी आत येतं, तेव्हा पूर टाळायलाही हे हवंच आहे. आज यांतले कित्येक तलाव गाळाने भरलेत, त्यांत तिवरं उगवलीत, आणि तिवरांना कायद्याचं संरक्षण असल्याने गाळ काढणं हा न्यायालयीन परवानगीचा विषय झाला आहे. तलावाच्या तोंडाशी, नाला आत शिरतो तिथे, कचरा धरायला मात्र एकही तिवर तोडावं लागत नाही.

तेल, आणि डोळ्यांना न दिसणारं

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलीजिया ही दोन जहाजं आपटली आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. भरतीने ते तिवरांपर्यंत आणलं. तेलासाठीही बूमच लावतात, मग ‘स्किमर’ नावाचं यंत्र फिरत्या चकत्यांनी पाण्यावरचं तेल चिकटवून घेऊन खरवडतं. अमेरिकेत २०११ साली झालेल्या स्पर्धेत जिंकलेल्या स्किमरने मिनिटाला साडेसतरा हजार लिटरहून जास्त तेल काढलं. पण ते चाचणीच्या हौदात. ऑगस्टच्या खवळलेल्या अरबी समुद्रात लाट बूमवरून उडी मारते. २०१७ साली चेन्नईजवळ एन्नोरला तेल सांडलं तेव्हा शेवटी माणसांनी बादल्यांनी ते उपसलं, ती छायाचित्रं पाहून आजही वाईट वाटतं. तेल खाणाऱ्या जिवाणूंचा उपाय आहे. बंगालमध्ये जन्मलेले आनंदमोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत असा जिवाणू घडवला आणि १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला पेटंट देता येतं असा ऐतिहासिक निकाल दिला. आपल्याकडे टेरी या संस्थेचं ‘ऑइलझॅपर’ हे निसर्गातल्याच जिवाणूंचं मिश्रण आहे. मात्र जिवाणूंना वेळ लागतो, ते काठावर आणि मातीत उरलेल्या तेलासाठी.

सूक्ष्म प्लास्टिकवर आयर्लंडच्या फिओन फेरेरा या विद्यार्थ्याने सुचवलेली युक्ती मला फार आवडते. तेलात लोहचुंबकीय भुकटी मिसळून ती पाण्यात सोडायची. प्लास्टिकचे कण तेलाला चिकटतात, मग चुंबक फिरवून सगळं उचलायचं. २०१९ साली त्याला गूगलच्या विज्ञान स्पर्धेचं पहिलं पारितोषिक मिळालं. ही युक्ती सांडपाण्याच्या टाकीत उपयोगी पडेल, समुद्रात नाही. जपानमध्ये २०१६ साली सापडलेल्या, बाटलीचं प्लास्टिक खाणाऱ्या जिवाणूचंही तसंच आहे. त्याला ऊब आणि कित्येक आठवडे लागतात.

आणि खाडीचा खरा श्वास कोंडतो तो सांडपाण्याने. मैला खाडीत गेला की पाण्यातले जिवाणू तो पचवतात, पण त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात आणि मासळीला काही उरत नाही. मलनिःसारण केंद्रात हेच काम टाकीत करून घेतात. पाणी भरायचं, हवा सोडायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं निवळलेलं पाणी काढायचं. नवी मुंबईतल्या केंद्रांत हे सगळं एकाच टाकीत आळीपाळीने होतं, आणि कोपरखैरणे व ऐरोलीत ते पाणी आणखी गाळून टीटीसी या खाडीकाठच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांना देण्याची सोय उभारली आहे. या टाक्यांची बातमी होत नाही, त्यांना डोळे लावलेले नसतात, पण समुद्र साफ ठेवणारं सर्वांत मोठं यंत्र आपल्या शहरात हेच आहे.

पकडल्यावर काय

अशा यंत्राची निविदा निघते तेव्हा बूमची लांबी आणि किंमत ठळक असते. ते रिकामं कोण करणार, हे शोधावं लागतं. भरलेला बूम हा न लावलेल्या बूमपेक्षा वाईट, कारण पहिल्या उधाणाला साठलेलं सगळं एकदम सुटतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आधी तो रिता व्हायलाच हवा. हे वेळापत्रक दिवाळे, वाशी किंवा चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या माणसांना तोंडपाठ आहे, त्यांच्याकडे होड्या आहेत आणि मासळी घटल्याने त्यांचं उत्पन्नही घटलं आहे. हे काम वर्षभराच्या मजुरीवर त्यांच्याकडेच जावं असं माझं स्पष्ट मत आहे.

खाडीतून निघालेलं प्लास्टिक गाळाने आणि मिठाने भरलेलं असतं, त्यामुळे भंगारवाला ते घेत नाही. केरळात कोल्लमच्या बंदरात २०१७ पासून मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लास्टिक समुद्रात परत न टाकता धक्क्यावर आणू लागले. तिथे महिलांचा गट ते निवडतो, धुतो, त्याची भरड काढतो आणि ती रस्त्याच्या डांबरात जाते. यासाठी तीन गोष्टी लागल्या: धक्क्यालगत शेड, भरड काढायचं यंत्र आणि धुवायला भरपूर गोडं पाणी. पहिल्या दोन पैशाने येतात. तिसरी इथे आधीच आहे, कारण आपली मलनिःसारण केंद्रं खाडीच्या काठावरच आहेत आणि त्यांच्यातून दररोज निवळलेलं पाणी बाहेर पडतं. दिवाळ्याच्या जेट्टीलगत एक शेड आणि बेलापूरच्या केंद्रातून तिथवर एक नळ, एवढ्यावर सुरुवात करता येईल.